मॉडेलचे सेकंद आणि माणसाचे सेकंद

ॲपमधल्या एका कामाला केएलएमने (कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल, म्हणजे एकेका छोट्या कृतीचे सेकंद जोडून कामाच्या वेळेचा अंदाज बांधणारं मॉडेल) ९ सेकंद सांगितले, चाचणीत नवख्यांना २० लागले, म्हणून मॉडेल कुचकामी, असं काही जण म्हणतात. पण केएलएम मुळात सरावलेल्या, न चुकणाऱ्या माणसाचाच वेळ देतं. पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याशी तुलनाच चुकीची.

दुसरं, आकडे कुठले घेतलेत? हे मॉडेल मांडणारे संशोधक कार्ड, मोरन, न्यूवेल यांच्या १९८० च्या मांडणीत विचाराचा क्षण १.३५ सेकंद, माउसने नेम धरणं १.१, कीबोर्डवरून माउसवर हात नेणं ०.४. फोनवर हा ०.४ गाळा. १.१ सुद्धा जसाच्या तसा नको. बटणाचा आकार आणि अंतर घेऊन फिट्सच्या नियमाने (बटण जितकं लहान आणि दूर, तितका वेळ जास्त) काढा. स्वाइप स्वतः मोजून घाला. विचाराचे क्षण नेमके कुठे टाकायचे, खरी गोची तिथे आहे. एक जास्त पडला की सव्वा सेकंदाहून जास्त फरक.

ओटीपीचंच घ्या. मेसेजमध्ये ६ आकडे वाचून ॲपमध्ये परतेपर्यंत शेवटचे २ निसटतात, पुन्हा मागे जावं लागतं. केएलएमला विसरणं ठाऊकच नाही. तिथे एसीटी-आर (माणसाची स्मृती आणि विचार संगणकावर उभे करणारं मॉडेल) वापरा, त्यात आठवणीची सक्रियता वेळेनुसार घटत जाते.

बटणावरचा शब्दच कळला नाही, हे मात्र दोन्हींत सापडणार नाही. मॉडेलला तो अर्थ आपणच भरवलेला असतो. त्यासाठी चाचणीला खरी माणसं बसवावी लागतातच.