मदत हवी आहे : फायबर तुटल्यावर राऊटर आपोआप सिमवर जावा आणि सिमवर टिकावा, यासाठी काय करावे?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

रावेर तालुक्यात सावद्याजवळ असलेल्या एका केळी पॅकिंग हाऊसमधील संगणक आणि नेटवर्कची जबाबदारी माझ्याकडे आहे. बागेतून आलेल्या घडांच्या फण्या काढून, धुऊन, वजन करून खोक्यांत भरल्या की माल प्री-कूलिंगच्या खोल्यांत जातो आणि तेथून रीफर (शीत) कंटेनरने न्हावाशेव्याकडे रवाना होतो. या खोल्यांचे तापमान १३ ते १४ अंशांच्या आसपास राखावे लागते. त्याखाली गेले तर सालीवर काळपट रेषा उमटतात आणि वर चढले तर केळी वाटेतच पिकू लागते. वजनकाट्याच्या पावत्या आणि खोक्यांचे बारकोड व्हीपीएन टनेलमधून (इंटरनेटवरच्या खासगी, कूटबद्ध वाटेने) जळगावच्या मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर जातात, तर तापमानाचा लॉगर (नोंद ठेवणारे यंत्र) थेट इंटरनेटवरून क्लाउडला जोडलेला असून तापमान चढले की तो रात्रपाळीच्या ऑपरेटरला आणि मला इशारा पाठवतो. इंटरनेट बंद पडले की भरलेला कंटेनर कागदपत्रांसाठी आवारात उभा राहतो आणि इशाऱ्याची व्यवस्थाही त्याच वेळी मुकी होते.

आमच्याकडे एकच फायबर जोडणी आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर महामार्गालगत कधी रस्त्याच्या, कधी पाइपलाइनच्या कामासाठी खोदकाम सुरू असते आणि जेसीबीच्या फावड्याखाली केबल आली की जोड लागेपर्यंत वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. त्यामुळे व्यवस्थापनाने एलटीई (४जी) मॉडेम आतच असलेला सिस्कोच्या ११०० मालिकेतील राऊटर घेतला. त्यात दोन सिम बसतात. राऊटरमध्ये दोष आहे असे मला म्हणायचे नाही, प्रश्न मांडणीचा आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आतापर्यंतची स्थिती अशी आहे. सिमचा पिन काढलेला आहे, एपीएनचा (मोबाईल कंपनीच्या जाळ्यातील प्रवेशबिंदूचा) प्रोफाइल तयार करून तोच अटॅच (जाळ्यात नोंदणी) आणि डेटा या दोन्हींसाठी लावला आहे, सेल्युलर इंटरफेसवर 'आयपी ॲड्रेस निगोशिएटेड' (पत्ता कंपनीकडून घेणे) आहे आणि त्याला १०० पासून सुरू होणारा पत्ता मिळतो. मुख्य डीफॉल्ट रूट (बाहेर जाणाऱ्या वाहतुकीची ठरलेली वाट) फायबरकडे असून सेल्युलरकडे जाणारा दुसरा डीफॉल्ट रूट २५० च्या अंतराने (अंतर जास्त तितके प्राधान्य कमी) ठेवला आहे, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा पुढे यावा. राऊटरमधून फायबरची लॅन केबल हाताने उपसली तर सारे काही सिमवर जाते आणि ब्राउझर व्यवस्थित चालतो.

खरा दोर तुटतो तेव्हा मात्र तसे होत नाही. भिंतीवरच्या ओएनटीवर (फायबर जेथे संपते त्या पेटीवर) लाल दिवा लागतो, पण ओएनटीपासून राऊटरपर्यंतच्या केबलचा हिरवा दिवा लुकलुकतच राहतो, त्यामुळे राऊटरच्या दृष्टीने फायबर जिवंतच असते आणि तो सगळी वाहतूक मेलेल्या वाटेवर पाठवत राहतो. जोडणी करून देणाऱ्या तंत्रज्ञांनी यावर उपाय म्हणून आयपी एसएलएने (राऊटरमधील स्वयंचलित तपासणीने) गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून (उत्तर येते का ते पाहून) मुख्य रूट त्या तपासणीला, म्हणजे ट्रॅकला, बांधला. आता फायबर तुटले की राऊटर सिमवर जातो, काही क्षणांत फायबरवर परततो, पुन्हा सिमवर जातो, आणि लॉगमध्ये 'ट्रॅक डाउन', 'ट्रॅक अप' अशा ओळींची रांग लागते. अशा स्थितीत काम मुळीच होत नाही.

दुसरी अडचण टनेलची आहे. जळगावच्या फायरवॉलवर आमच्या फायबरचा स्थिर पत्ता नोंदलेला असल्यामुळे सिमवर गेल्यावर टनेल उभाच राहत नाही. तिसरी अडचण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. सिमवर गेल्यावर नवी संकेतस्थळे उघडतात, पण तापमानाचा लॉगर तुटलेलाच राहतो आणि तो बंद करून पुन्हा चालू केला की लगेच जोडला जातो. रात्री तेथे लॉगर बंद-चालू करायला कोणीही नसते.

शेवटी सिग्नलविषयी. राऊटर कार्यालयातील रॅकमध्ये आहे. वर पत्र्याचे छप्पर आहे आणि एका बाजूची भिंत शीतगृहाच्या पफ पॅनेलची, म्हणजे दोन्ही अंगांनी पोलादी पत्रा असलेली आहे. चारी बाजूंना केळीच्या बागा आहेत. राऊटर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०९ आणि एसएनआर (सिग्नल-गोंगाट गुणोत्तर) ३ च्या आसपास दाखवतो. पाण्याच्या टाकीवर अँटेना लावून सुमारे २० मीटर केबल खाली आणण्याचा विचार आहे, तो योग्य ठरेल का?

दुसरी फायबर जोडणी घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण येथे ती त्याच चरातून येते. जाणकारांनी सविस्तर सांगितले तर आभारी राहीन.

गिरणाकाठ

फक्त अँटेनापुरते सांगतो. उणे १०९ हा सिग्नल कामचलाऊच्याही खालचा आहे आणि एसएनआर ३ असताना वेगाची अपेक्षा धरता येत नाही. पत्रा आणि पफ पॅनेल यांच्या आत राऊटरसोबत आलेल्या काडीसारख्या अँटेना काहीही करू शकणार नाहीत. पाण्याने भरलेली केळीची पानेही सिग्नल शोषतात, आणि २३०० मेगाहर्ट्झच्या बँड ४० वर हा परिणाम ८५० च्या बँड ५ पेक्षा अधिक जाणवतो. त्यामुळे बागेच्या डोक्यावरून टॉवर दिसेल इतक्या उंचीवर अँटेना नेणे योग्यच आहे.

मात्र केबल कोणती घेता यावर सर्व अवलंबून आहे. एलएमआर २०० जातीची बारीक केबल २३०० मेगाहर्ट्झला मीटरमागे अर्ध्या डेसिबलहून थोडे अधिक खाते, म्हणजे २० मीटरमध्ये सुमारे ११ डेसिबल जातील आणि अँटेनाने वर मिळवलेले बहुतेक सगळे केबलमध्येच संपेल. एलएमआर ४०० ही जाड केबल घेतली तर तेच नुकसान ४ ते साडेचार डेसिबलवर येते. राऊटरला मेन आणि डायव्हर्सिटी अशी दोन टोके असतात, तेव्हा अँटेनाही दोन घटकांची घ्यावी आणि दोन्ही केबल जोडाव्यात. एकच जोडली तर मायमोचा (एकाच वेळी दोन अँटेनांवरून डेटा नेण्याचा) लाभ मिळत नाही. मे-जूनमधली आपल्याकडची वादळे लक्षात घेता टाकीवरच्या पाइपला अर्थिंग आणि केबल इमारतीत शिरते तेथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारे साधन) हे दोन्ही हवेतच.

खर्चाला वाव असेल तर माझे मत वेगळे आहे. मॉडेमच हवामानरोधक पेटीत टाकीवर ठेवून खाली लॅन केबल आणावी. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि तिच्यात सिग्नल झिजण्याचा प्रश्न येत नाही. पण आपल्या राऊटरमध्ये मॉडेम आधीच आहे, म्हणून प्रथम जाड केबल वापरून पाहावी.

वाघूर

तापीकाठ भाऊ, लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की कारण त्यांतच दिसते.

राऊटर मागे-पुढे का होतो ते पाहू. फायबर तुटल्यावर ८.८.८.८ चा पिंग अपयशी ठरतो, मुख्य रूट काढला जातो आणि डीफॉल्ट रूट सिमकडे जातो. आता तपासणीचा पुढचा पिंगही सिमवरूनच निघतो, त्याला उत्तर मिळते, आणि राऊटर समजतो की फायबर परत आले. तो मुख्य रूट पुन्हा लावतो, पिंग पुन्हा अडकतो, आणि हे चक्र सुरूच राहते. तपासणीत सोर्स इंटरफेस म्हणून फायबरचे नाव लिहिले तरी भागत नाही, कारण त्याने पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता तेवढा ठरतो. पॅकेट कोणत्या दाराने बाहेर पडेल हे रूटिंग टेबलच ठरवते.

उपाय असा की ज्या पत्त्याला पिंग करायचे त्या एका पत्त्यासाठी ३२ बिटांचा वेगळा स्थिर रूट फायबरच्या गेटवेकडे (कंपनीच्या बाजूच्या पहिल्या राऊटरकडे) लावावा आणि त्याला कोणताही ट्रॅक बांधू नये. त्याच पत्त्यासाठी जास्त अंतराचा आणखी एक रूट नल झिरोकडे (पॅकेट टाकून देणाऱ्या काल्पनिक इंटरफेसकडे) ठेवावा. त्यामुळे फायबरचा पोर्टच बंद पडला तरी तपासणीचे पॅकेट सिमकडे वळणार नाही, जागीच टाकले जाईल. तपासणीसाठी ८.८.८.८ मात्र वापरू नका. आपल्या संगणकांत डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणून हाच पत्ता असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो फायबरला जखडला की फायबर तुटल्यावर सिम चालू असूनही संकेतस्थळे उघडणार नाहीत. फायबर कंपनीच्या जाळ्यातील, पण आपल्या पहिल्या गेटवेच्या पलीकडचा एखादा पत्ता निवडावा. दोन वेगवेगळे पत्ते तपासून दोन्ही अपयशी ठरले तरच ट्रॅक खाली जाईल अशी रचना केली तर आणखी उत्तम. ट्रॅकला विलंबही द्या. खाली जाताना १५ सेकंद आणि वर येताना किमान १२० सेकंद ठेवावेत, म्हणजे जोडकाम चालू असताना लुकलुकणाऱ्या फायबरवर राऊटर घाईने परतणार नाही.

लॉगरच्या बाबतीत दोष नॅटच्या (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्याच्या व्यवस्थेच्या) जुन्या नोंदींचा आहे. लॉगरने क्लाउडशी एक दीर्घकाळ चालणारे टीसीपी कनेक्शन धरून ठेवलेले असते आणि नॅटच्या तक्त्यात त्याची नोंद फायबरच्या पत्त्याने झालेली असते. वाट बदलली तरी ती नोंद तशीच राहते, त्यामुळे लॉगरची पॅकेट फायबरचा पत्ता घेऊन सिममधून बाहेर पडतात आणि पुढे टाकून दिली जातात. सिस्कोच्या मूळ मांडणीत टीसीपीची नोंद २४ तास टिकते, म्हणून लॉगर स्वतःहून सावरत नाही, आणि बंद-चालू केल्यावर नव्या पोर्टवरून नवी नोंद झाली की लगेच जोडला जातो. ट्रॅकची स्थिती बदलताच 'क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन' चालवणारी छोटी ईईएम ॲप्लेट (राऊटरवर आपोआप चालणारी आज्ञावली) लिहा, दोन्ही दिशांच्या बदलांसाठी. तसेच फायबर आणि सेल्युलर या दोन्हींसाठी नॅट ओव्हरलोडची (अनेक यंत्रांना एकच बाहेरचा पत्ता देण्याची) स्वतंत्र ओळ असावी आणि प्रत्येक ओळ आपापल्या रूट-मॅपला (वाहतूक कोणत्या वाटेने जाते ते पाहणाऱ्या नियमाला) बांधलेली असावी.

टनेलविषयी. १०० पासून सुरू होणारा तो पत्ता बहुधा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील असेल. हा पट्टा २०१२ मध्ये मोबाईल आणि इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवण्यात आला. याचा अर्थ बाहेरून कोणीही आपल्या राऊटरपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि बाहेर दिसणारा पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला व बदलता असतो. तरीही टनेल उभा राहू शकतो, फक्त सुरुवात नेहमी सावद्याकडून व्हायला हवी. जळगावच्या फायरवॉलवर स्थिर पत्त्याऐवजी नावावरून ओळख पटवणारे आयकेई (टनेल जुळवण्याची पद्धत) आवृत्ती २ चे प्रोफाइल करावे आणि कोणत्याही पत्त्यावरून ती ओळख स्वीकारावी. नॅट-टी (नॅटमधून टनेल नेण्याची सोय) चालू असावे, यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट मोकळे असावेत, आणि सामायिक नॅटने आपली नोंद मिटवू नये म्हणून २० सेकंदांचा नॅट कीपअलाइव्ह (नोंद जिवंत ठेवणारे छोटे पॅकेट) ठेवावा. डीपीडी (पलीकडचे टोक जिवंत आहे का याची तपासणी) चालू ठेवल्यास मेलेला टनेल लवकर ओळखला जातो. टनेलवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४०० आणि एमएसएस (त्यातील टीसीपी डेटाचा कमाल आकार) १३६० पासून सुरुवात करा. पावत्या जातात पण मोठ्या फाइली अडकतात असे दिसले तर दोन्ही आकडे आणखी उतरवा. मुख्य कार्यालयाकडे स्थिर पत्ता असताना सिमसाठी खासगी एपीएन आणि स्थिर आयपी यांवर दरमहा खर्च करण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

एक विचारतो : आवारातील कॅमेरे क्लाउडवर चित्रण पाठवतात का? पाठवत असतील तर सिमवर गेल्यावर रोजचा डेटा ते पाहता पाहता संपवतील आणि त्यानंतर ६४ केबीपीएसवर लॉगरदेखील धापा टाकेल. सेल्युलरच्या बाहेर जाणाऱ्या दिशेला ॲक्सेस लिस्ट (कोणाला जाऊ द्यायचे याची यादी) लावून तेथे वजनकाटा, बारकोड, लॉगर आणि टनेल एवढ्यांनाच वाट द्यावी.

तापीकाठ

वाघूर भाऊ आणि गिरणाकाठ भाऊ, आपल्या दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे बदल केले आणि मग लॅन केबल न उपसता ओएनटीच्या मागची पिवळी फायबर पॅचकॉर्ड काढून पाहिली, कारण खरा दोर तुटल्यावर जी स्थिती होते ती अशीच निर्माण होते. ट्रॅक एकदाच खाली गेला आणि खालीच राहिला. लॉगर कोणीही हात न लावता जोडला गेला. पॅचकॉर्ड परत लावल्यावर दिवा हिरवा झाला तरी राऊटरने दोन मिनिटे वाट पाहिली आणि मगच तो फायबरवर परतला. अशी चाचणी घेणाऱ्यांनी पॅचकॉर्डच्या टोकाला बोट लावू नये आणि काढताक्षणी टोपण घालावे, कारण तेथे धूळ बसली तर चांगली जोडणीही बिघडते.

टनेलसाठी जळगावच्या सहकाऱ्यांनी नावावरून ओळखीचे प्रोफाइल केले असून सिमवरून टनेल उभा राहतो. एमएसएस १३६० वर बारकोडच्या दिवसअखेरच्या फाइली अडकत होत्या, १३०० वर सुरळीत जातात. कॅमेरे क्लाउडवर जातात हे आपण बरोबर ओळखले. सिमवर असताना ते आता आवारातील रेकॉर्डरपुरतेच राहतील. जाड केबल आणि दोन घटकांची अँटेना मागवली आहे. टाकीवर राऊटर तात्पुरता नेऊन पाहिला तेव्हा आरएसआरपी उणे ८८ आणि एसएनआर १४ पर्यंत गेला, त्यामुळे केबलमधले नुकसान धरूनही फरक पडेल असे वाटते.

एक प्रश्न उरतो. दुसऱ्या खाचेत त्याच कंपनीचे सिम ठेवावे की दुसऱ्या कंपनीचे?

वाघूर

दुसऱ्या कंपनीचे, आणि शक्यतो ज्याचा टॉवर वेगळ्या दिशेला आहे अशा कंपनीचे. वादळात वीज गेली की टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते आणि त्याच टॉवरवरची दोन सिमे एकाच वेळी निकामी होतात. या राऊटरमध्ये एका वेळी एकच सिम नोंदणीकृत राहते, त्यामुळे बदलताना मिनिटभर किंवा अधिक खंड पडेल हे ऑपरेटरला सांगून ठेवावे. दुसऱ्या सिमचा एपीएन वेगळा असेल, म्हणून त्याचा प्रोफाइल वेगळा करून त्याच खाचेला बांधावा. अँटेना टॉवरच्या दिशेने रोखणारी घेतली असेल तर दोन दिशांच्या टॉवरांना ती पुरणार नाही, तेव्हा मागणी अजून बदलता येत असेल तर सर्व दिशांची घ्यावी. शिवाय ओएनटी आणि राऊटर दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत ना, तेही पाहून घ्यावे.