मदत हवी आहे: गिअरबॉक्स उतरवायचाय, पण स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) जागचा हलत नाही

जुनी रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी, मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच प्लेट बदलायची आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आहे, प्रोपेलर शाफ्ट, क्लच केबल, गिअर लिव्हर आणि क्रॉसमेंबरही काढून झालेत. इंजिनाला खालून आधार आहे, गिअरबॉक्स जॅकवर आहे. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलेलं पुढचं कवच) सगळे बोल्ट निघालेत, वरचा लपलेलासुद्धा.

अडलंय ते स्टार्टरपाशी. त्याचे दोन्ही बोल्ट निघाले, पण बिडाचं तोंड ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये गच्च बसलंय. कडेने पांढरी भुकटी दिसते, म्हणजे आतून गंजून धरलंय. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, लाकडी ठोकळा ठेवून ठोकलं, बॉडी धरून पिळून पाहिलं. केसभरही हललं नाही. पहार घालायची नाही. हाउसिंगचा कान तुटला तर दुसरं मिळणं कठीण.

ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून हाउसिंग हीटगनने तापवावं असं वाटतं. गॅसची ज्योत नको, शेजारून पेट्रोलची नळी जाते.

स्टार्टर गिअरबॉक्सच्या बाजूने बसतो. मग तो तसाच ठेवून गिअरबॉक्स सरळ मागे ओढला, तर पिनियन (स्टार्टरचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगला अडकेल का, की आधी स्टार्टर सुटायलाच हवा?