दोन लाख, तीन एकर आणि सुट्टी फक्त रविवारची: आधी कशात घालू?

माणदेशी_शिवार
सांगोला तालुक्यात तीन एकर हलकी-मध्यम जमीन, एक विहीर, 5 एचपीची मोटर. मेमध्ये मोटर दिवसाला जेमतेम तासभर चालते. हातात दोन लाख, कर्ज काढायचं नाही. मी एमआयडीसीत नोकरीला. शेतावर वडील असतात, वय साठ. तिन्ही एकर डाळिंब (भगवा वाण) लावू, नवं बोअर मारू की दोन संकरित गाई घेऊ?

ठिबकवाला
आधी पाणी मोजा. पाइपाच्या तोंडाशी 200 लिटरचा बॅरल लावा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. 30 सेकंद लागले तर तासाला 24,000 लिटर, आणि मोटर तासभरच चालते म्हणून दिवसाचंही तेवढंच. हे मेमध्येच करायचं, दिवाळीचा आकडा फसवतो.

डाळिंबाची 14 बाय 10 फुटांवर एकरी साधारण 310 झाडं बसतात. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) धरला तर भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज 40-50 लिटर लागतं, म्हणजे एकराला साधारण 15,000. एक एकर निघतो, दुसरा नाही. रोपं लहान असताना पाणी कमी लागतं, म्हणून पहिली दोन वर्षं तीन एकरही हिरवेगार दिसतील. फळ धरल्यावर खरं कळेल, तोवर पैसा जमिनीत गेलेला.

बोअर नकोच. लागलं नाही तर दोन लाखांतला मोठा हिस्सा त्यातच जाईल. त्यापेक्षा उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढा.

बागेतला_माणूस
वरच्या हिशोबाला कोणी म्हणेल, मृग बहार (जून-जुलैत फुलणारा) धरा, उन्हाळ्याचं पाणी वाचेल. वाचेल, पण फळ पावसात येतं आणि तेल्या (फळा-पानांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणू रोग) तिथेच गाठतो. पाऊस उघडला की लगेच फवारणी हवी, रविवारची वाट बघता येत नाही. त्यामुळे तुमच्यासाठी आंबे बहारच, तोही एकाच एकरावर.

फवारणीचं बोर्डो मिश्रण, 1 टक्क्याचं, वडिलांना शिकवून ठेवा: 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिक बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा. द्रावणात लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं जळतात. द्रावण त्याच दिवशी संपवा. हे छाटणीनंतरच्या, विश्रांतीतल्या झाडाला. पालवी-फुलावर इतकं कडक नको.

ठिबकवाला
ठिबकाचं राहिलं. अल्पभूधारकाला ठरलेल्या खर्चमर्यादेच्या 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर. पूर्वसंमतीआधी बिल फाडलं तर अनुदान हुकतं. रक्कम नंतर खात्यावर येते, म्हणून पूर्ण पैसे आधी तयार ठेवा. ठिबकाची तोटी (ड्रिपर) कायम खोडाशी ठेवू नका. तिथे सतत ओल राहिली की झाड वाळवणाऱ्या मर रोगाला आमंत्रण. झाड वाढेल तशी नळी घेराच्या कडेला सरकवा.

गोठा_आणि_चारा
दोन गाई म्हणजे रोज 50 किलो हिरवा चारा, वर्षाला 18 टन. त्याला 10-12 गुंठे नेपियर गवत लागतं आणि उन्हाळ्यात रोज साधारण 6,000 लिटर पाणी. डाळिंबासोबत बेरीज 21,000 च्या पुढे जाते, म्हणजे विहीर अगदी काठावर. एकच गाय घ्या, तीही नेपियरची पहिली कापणी हातात आल्यावर. विकतच्या चाऱ्यावर दुधाचं बिल चाऱ्यातच जातं.

आणि दोन वेळची धार कोण काढणार ते आधी ठरवा. वडील आजारी पडले तरी गाय थांबत नाही. बागेच्या पाण्याला एखादा दिवस उशीर चालतो.

माणदेशी_शिवार
म्हणजे एक एकर डाळिंब, सहा गुंठे नेपियर, बाकी जमिनीत ज्वारी-तूर पावसावर. मग पैसे किती मागे ठेवू?

बागेतला_माणूस
किमान सत्तर हजार. पहिला बहार दोन वर्षांनंतरच, तोवर खत, औषध, मजुरी खिशातूनच. मे जवळ आलाय, बॅरल लावून आकडा इथे टाका. तो 18,000 खाली आला तर नेपियरही वगळा.