मदत हवी आहे: 'हवामान बदल आणि मानवी स्थलांतर' पेपरचा आराखडा, सोमवारच्या आत

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. सोमवारी अभ्यास मंडळाची बैठक आहे आणि या नव्या पेपरचं घोंगडं माझ्या गळ्यात आलंय. पहिली दोन युनिटं कशीबशी उरकली, तिसऱ्यावर गाडी अडलीय. नेटवर बघावं तिथे मालदीव, किरिबाटी, बांगलादेश. आमच्या पोरांना यातलं काय जवळचं वाटणार? गोव्यातली उदाहरणं हवीत, शिवाय फील्डवर्क बसवायचं आहे. कोणाकडे तयार आराखडा असेल तर फारच उत्तम. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

स्वल्पविराम
बीए की एमए? क्रेडिट किती? भूगोल, समाजशास्त्र की अर्थशास्त्र? आणि तिसऱ्या युनिटात काय आहे हे आम्हाला स्वप्नात दिसणार का?

निवृत्त_मास्तर
मॅडम, सुरुवात 1972 च्या दुष्काळापासून करा. आम्ही शाळकरी होतो. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. पाऊस गेला म्हणून माणूस गाव सोडतोच असं नाही, गावात काम मिळालं तर थांबतो. हे पहिल्याच तासाला सांगितलं नाही तर पोरं 'ऊन वाढलं की माणसं निघाली' एवढंच शिकतील. हल्लीच्या अभ्यासक्रमांत इतिहासाला जागाच नाही, त्याबद्दल नंतर सविस्तर लिहीन.

फोंडेकरीण
बीए, अर्थातच. तीन क्रेडिट. मल्टिडिसिप्लिनरी आहे, त्यामुळे कॉमर्स-सायन्सचीही पोरं येणार. तिसरं युनिट स्थानिक अभ्यासाचं. मास्तर, मुद्दा चांगला आहे, पण मला गोवा हवाय.

काणकोणचा_झिल
गोवा हवाय तर कुर्डीसारखं उदाहरण नाही. साळावली धरणात गाव गेलं, माणसं वाडे आणि वाळकिणी या गावांत वसवली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ, घरांची जोती वर येतात आणि लोक परत जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव! मुलांना एकदा नेऊन दाखवा, चार तासांचं लेक्चर वाचेल.

कायदेकानू
कुर्डी म्हणजे धरणग्रस्त. त्याचा हवामान बदलाशी काय संबंध? असली सरमिसळ अभ्यास मंडळात पहिल्या फटक्यात उडवतील. मॅडम, एक युनिट पूर्ण कायद्याला द्या. 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात निर्वासित ठरायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यावरून छळाची भीती लागते. पूर आणि दुष्काळ त्यात बसत नाहीत. भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. मग किरिबाटी या पॅसिफिकमधल्या बेटदेशातल्या टेटिओटाचा खटला घ्या, समुद्र वाढतोय म्हणून आश्रय मागणाऱ्याचा. न्यूझीलंडने त्याला परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय 2020 च्या जानेवारीत बाहेर आला. तो हरला, पण जिवाला धोका असेल अशा ठिकाणी परत पाठवणं पुढे बेकायदा ठरू शकतं, हे समितीने मान्य केलं. त्यानंतर ऑस्ट्रेलिया-तुवालू करार, 2023 चा. तुवालूतल्या वर्षाला 280 जणांना ऑस्ट्रेलियात जागा. मूट कोर्टही, म्हणजे वर्गातला सरावाचा खटला, घेता येईल.

काणकोणचा_झिल
@कायदेकानू, बीएच्या पोरांकडून मूट कोर्ट? आणि कुर्डी तुलनेसाठी म्हणतोय. तिथे कोणी उठवलं ते माहीत आहे, भरपाई कोणाकडे मागायची तेही माहीत होतं. समुद्राने उठवलं तर कोणाच्या दारात जाणार? हाच प्रश्न वर्गात टाकायचा.

स्वल्पविराम
हा मुद्दा पटला. +१

पेडण्याचो
स्थलांतर म्हणजे आमच्या गोंयकारांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधलं स्विंडन गाठलं तेही घ्या ना. त्यावर कोणी बोलत नाही.

स्वल्पविराम
@पेडण्याचो, ते हवामानामुळे गेले?

पेडण्याचो
इंग्लंडच्या हवामानासाठी तर नक्कीच नाही.

खाजणवाला
खाजनांबद्दल, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनींबद्दल, अजून कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. तुमच्या तिसऱ्या युनिटात दुसरं काही नसलं तरी चालेल. बांध, मानस (पाणी आतबाहेर सोडणारं फळ्यांचं दार), आत भातशेती, नदीचं खारं पाणी भरती-ओहोटीनुसार आतबाहेर. मानशीची फळी गेली आणि बांधाला भगदाड पडलं की शेतात खारं पाणी शिरतं. दोन पावसाळे दुरुस्ती झाली नाही की भात संपलं. नंतर कांदळवन उगवतं आणि मग ते तोडायचीही परवानगी नाही. शेतकरी घर सोडत नाही, शेती सोडतो. पोरगा बोटीवर नाहीतर गल्फला. माणसं गेली का? घरं तिथेच आहेत. शेतकरी गेला, एवढंच. आता यात समुद्राची पातळी किती, नदीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटा किती, देखभालीतली हयगय किती, हे मुलांना वेगळं काढायला लावा. जमणार नाही, आणि ते जमत नाही हेच शिकवायचं आहे.

कायदेकानू
बांध फुटला तर तो कोमुनिदाद (जमीन सामाईक मालकीची असलेली गावसंस्था) आणि कुळांचा वाद. हवामान बदल कुठून आला?

खाजणवाला
आमच्याकडे तसंच म्हणत म्हणत अख्खी खाजनं गेली.

आकडेमोड
थोडं विषयावर येऊया. मॅडम, मुलं कुठूनतरी '2050 पर्यंत 20 कोटी हवामान-निर्वासित' घेऊन येतील. हा आकडा पर्यावरण अभ्यासक नॉर्मन मायर्सच्या 1990 च्या दशकातल्या अंदाजापासून फिरतोय. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालात 21.6 कोटी आहे, पण तो सहा प्रदेशांसाठीचा कमाल अंदाज, आणि तोही देशातल्या देशात हलणाऱ्यांचा. सीमा ओलांडणाऱ्यांचा नाही. दुसरं, 2011 च्या जनगणनेत स्थलांतराची कारणं आहेत: काम, धंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर आलो वगैरे. नैसर्गिक आपत्ती हे कारण 1991 ला होतं, 2001 पासून यादीतून गायब. म्हणजे विहीर आटली म्हणून आलेला माणूस तुमच्या तक्त्यात 'काम' या रकान्यात बसलाय. जनगणनेचे डी मालिकेतले (स्थलांतराचे) तक्ते मुलांना हातात द्या आणि तो माणूस शोधायला सांगा. एक प्रात्यक्षिक यातच निघेल.

फोंडेकरीण
हे वर्गात घेणार, नक्की. पण फील्डवर्कचं अजून कोणीच बोलत नाही! मडगावच्या नाक्यावर सकाळी उभे राहणारे मजूर आहेत, बरेचसे उत्तर कर्नाटकातले. प्रश्नावली तयार केलीय, पहिला प्रश्न 'तुमच्या स्थलांतराला हवामान बदल कारणीभूत आहे का?'

बीडचा_दादा
ताई, हा प्रश्न आधी खोडा. आमच्या ऊसतोड कामगाराला विचारलंत तरी 'पोटासाठी आलो' हेच उत्तर मिळेल. खरंच आहे ते. असं विचारा: रान किती, बोअर घेतली होती का, कितव्या फुटावर कोरडी गेली, कर्ज कोणाचं, पहिल्यांदा गावातून कोण आलं, त्याला इथे कोणी आणलं. आमच्याकडे मुकादम उचल देतो, मग कोयता घेऊन जोडी निघते. पाऊस बरा झाला त्या वर्षीही निघते, कारण उचल फिटलेली नसते. दुष्काळ सुरुवातीला ढकलतो, नंतर उचल ओढते. हे एका प्रश्नात मावत नाही. आणि जे सगळ्यात गरीब ते गावातच राहतात, त्यांना भाड्याचे पैसेही जमत नाहीत. त्यांना नाक्यावर कोण भेटणार?

आकडेमोड
दादा, हाच मुद्दा ब्रिटिश सरकारच्या 2011 च्या फोरसाइट अहवालात आहे. अडकून पडलेले लोक हे जाणाऱ्यांइतकेच महत्त्वाचे, असं त्यात म्हटलंय.

बीडचा_दादा
असेल. आम्हाला अहवालाआधीपासून माहीत आहे.

मालीमजेटी
नाक्यावर सकाळी पोरांना नेऊ नका, मजुराची रोजी बुडते. जेटीवर या. ट्रॉलरवरचे बरेच खलाशी ओडिशा, झारखंडचे. ओडिशात केंद्रापाडाचं सातभाया गाव समुद्राने खाल्लं, लोक बागपतियाला हलवले. तुमच्या मुलांना त्या किनाऱ्यावरचा कोणी भेटलाच तर नशीब. पण सेमिस्टर जूनमध्ये सुरू होतं ना? 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. खलाशी घरी. जुलैत आलात तर जाळी विणणारे आणि कुत्री भेटतील.

नेट_उमेदवार
धाग्याशी संबंधित नाही, पण समाजशास्त्राच्या नेटसाठी मराठीतून चांगल्या नोट्स कुठे मिळतील?

स्वल्पविराम
@नेट_उमेदवार वेगळा धागा काढा.

फोंडेकरीण
सगळ्यांचे आभार, भांडणांसकट. ठरलं ते असं: तिसऱ्या युनिटात खाजन आणि खलाशी. कुर्डी एका तासात, तुलनेपुरती. जनगणनेचं प्रात्यक्षिक जुलैत, जेटी ऑगस्टच्या शेवटी. प्रश्नावली दादांच्या पद्धतीने नव्याने लिहितेय. कायदेकानू, तुमचा टेटिओटा दुसऱ्या युनिटात, मूट कोर्ट नाही. मास्तर, 1972 पहिल्या तासाला. आता एकच अडचण, वीस-पंचवीस पोरं जेटीवर न्यायला परवानगी कोणाची?

कायदेकानू
आधी मुलाखतीचं संमतीपत्र करा. नावं, फोटो, आधार काही नको. परप्रांतीय म्हटलं की खलाशी आधीच बिचकतो, पोलीस पडताळणीचा माणूस आलाय असं वाटेल.

मालीमजेटी
मच्छीमार सोसायटीला पत्र द्या, पण पत्राने काम होत नाही. त्याआधी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, भेटा. तो 'बोला' म्हणाला तरच खलाशी तोंड उघडतात. आणि पंचवीस एकदम आणू नका, पाच-पाच. मासळी उतरवताना आणि बर्फ भरताना जवळ येऊ नका, दुपारी जेवणानंतर या.