सल्ला हवा: हनोईच्या भाषा केंद्राची ऑनलाइन मुलाखत, डेमोची तयारी कशी करू?

सांगलीची_शिक्षिका
नमस्कार. मी एम.ए. इंग्रजी, बी.एड. सांगलीजवळच्या विनाअनुदानित मराठी शाळेत नऊ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. येत्या गुरुवारी सकाळी 9 वाजता व्हिएतनाममधल्या हनोईतल्या एका भाषा केंद्राची मुलाखत आहे. आधी अर्धा तास प्रश्न, मग पंधरा मिनिटांचा डेमो. वर्ग आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा, विषय 'कॅन' आणि 'कान्ट'. मुलं नसतील, मुलाखत घेणारेच मुलं होऊन बसणार आहेत.

मागे बँकॉकच्या एका शाळेने "आम्हाला नेटिव्ह हवेत", म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, म्हणून दोन मिनिटांत फोन ठेवला. तेव्हापासून उच्चारांची धास्ती बसली आहे. डेमोत नक्की काय बघतात? कागदपत्रांचं आतापासून काय करून ठेवू?

कोल्हापूर_हनोई
ताई, मी हनोईत चार वर्षं शिकवलं आणि नंतर दोन वर्षं नव्या शिक्षकांचे डेमो बघायला बसायचो. आपले लोक उच्चारांमुळे फारसे पडत नाहीत. सतत स्वतःच बोलत राहतात, तिथे पडतात.

आपल्याकडे साठ मुलांच्या वर्गात बाई समजावून सांगतात, "समजलं का?" विचारतात आणि वर्ग एका सुरात "येस मॅडम" म्हणतो. मीही तसाच शिकलो, तसाच शिकवायचो. तिथे वर्गात पंधराएक मुलं असतात आणि आईबापांनी मूल बोलावं म्हणून पैसे भरलेले असतात. डेमोत बघणारा हेच मोजतो, की पंधरा मिनिटांत मुलं किती वेळ बोलली.

'कॅन'ची व्याख्या सांगूच नका. मासा, पक्षी, माकड अशी तीन चित्रं घ्या, नाहीतर सरळ कागदावर काढा. मासा दाखवा, हाताने पोहण्याची खूण करा, वाक्य त्यांच्याकडून येऊ द्या. मग "कॅन अ फिश फ्लाय?" विचारा. "नो, इट कान्ट" आलं की अर्थ पोचला, वेगळं विचारायची गरज नाही. शेवटची पाच मिनिटं जोडीत बोलायला द्या: एकाने विचारायचं, दुसऱ्याने करून दाखवायचं.

सूचना देताना वाक्य चार-पाच शब्दांचं ठेवा. "नाऊ व्हॉट आय वुड लाइक यू ऑल टु डू इज" इथपर्यंत पोचता पोचता आठ वर्षांचं पोर हरवतं. सूचना दिल्यावर "अंडरस्टूड?" नको. "बोलायचं की लिहायचं?" "एकट्याने की जोडीने?" असं विचारा. हा एक बदल केला तरी मुलाखत घेणाऱ्याला कळतं की बाईंना हे काम येतं.

आणि त्या 'मुलां'पैकी एकजण मुद्दाम खोडी काढेल किंवा गप्प बसेल. ओरडू नका. त्याच्या हातात चित्र द्या, कामाला लावा. नऊ वर्षांत अशी कितीतरी पोरं तुम्ही सांभाळली असतील, तेच तिथे करा.

ध्वनी_आणि_शब्द
उच्चारांबद्दल. आपला लहेजा लपवू नका. उसना अमेरिकन सूर तिसऱ्या वाक्याला सुटतो आणि कानाला खुपतो. पण मराठीमुळे येणाऱ्या दोन गोष्टींवर आठवडाभर मेहनत घ्या. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण 'व' म्हणतो, त्यामुळे 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखेच ऐकू येतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, डब्ल्यूला ओठ गोल करा. दुसरं म्हणजे 'झू'. तिथे 'झ' नको, 'स'ला कंठातला आवाज द्या. प्राण्यांचा धडा आहे, हा शब्द येणारच.

बोलताना "मायसेल्फ अमुक" आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" टाळा. "एनी डाउट्स?" ऐवजी "एनी क्वेश्चन्स?" म्हणा. व्याकरणाचा एक प्रश्न हमखास असतो: "आय एट" आणि "आय हॅव ईटन" यांतला फरक कसा शिकवाल? नियम सांगत बसू नका, प्रसंग सांगा: कुणी जेवायला बोलावलं तर आपण दुसरं वाक्य म्हणतो, कारण पोट आत्ता भरलेलं आहे.

शारजा_मास्तर
कागदांना मुलाखतीपेक्षा जास्त दिवस लागतात. पदवीची आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी त्या देशाचा दूतावास. मी आखातासाठी हेच केलं, व्हिएतनामच्या वर्क परमिटलाही तेव्हा हीच साखळी होती. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेतून मिळतो, पण तो शेवटी काढा, जुना चालत नाही.

बी.एड. असलं तरी परक्यांना इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं प्रमाणपत्र बहुतेक केंद्रं मागतात. परवडत असेल तर केंब्रिजचं सेल्टा करा. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि परीक्षक मागे बसून बघतो. नुसते व्हिडिओ बघून मिळणाऱ्या कागदाला तेवढा मान नाही.

ठाण्याची_मावशी
ताई, एक कळकळीने सांगते. "आधी टूरिस्ट व्हिसावर या, परमिट इथे आल्यावर करू" असं कुणी म्हटलं तर जाऊ नका. माझा भाचा असाच एका एजंटच्या शब्दावर गेला. तीन महिने पगाराविना राहिला आणि पासपोर्टही त्यांच्याकडेच अडकला. एजंट असेल तर त्याची नोंदणी परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून तरुणांना म्यानमारमध्ये नेल्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने 2022 मध्येच सावध केलं होतं.

करार हातात आल्यावर आठवड्याचे तास नीट वाचा. वर्गातले तास आणि तयारीचे तास वेगळे लिहिलेले असावेत.

सांगलीची_शिक्षिका
सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरकर दादा, तुमचं वाचून काल माझ्याच वर्गात मोजलं. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलं जेमतेम चार मिनिटं बोलली. फार वाईट वाटलं. उद्या शेजारची तीन पोरं घेऊन अंगणात डेमो करून बघते. मावशी, माझ्याकडे एजंट नाही, थेट केंद्राचंच पत्र आलं आहे. परमिटचं त्यांना लेखी विचारते.

कोल्हापूर_हनोई
एक राहिलं. पत्रातली 9 ची वेळ तिथली असेल तर आपल्याकडे तेव्हा साडेसात वाजलेले असतात, हनोई दीड तास पुढे आहे. आजच मेल करून विचारून घ्या. अंगणातल्या डेमोचं कसं झालं तेही कळवा.