मदत हवी आहे: एकसर जोडणीत ४० वॅटचा बल्ब १०० वॅटपेक्षा जास्त उजेड देतो, आणि मीटरचे आकडेही जुळत नाहीत

राजारामपुरी_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, धाराविद्युतचा धडा झालाय. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिनं प्लायवर बोर्ड केलाय: वर दोन होल्डर समांतर, खाली दोन एकसर. जुने पिवळे बल्ब हवेत म्हणून लक्ष्मीपुरीत फिरले, ४० चे मिळाले. १०० चे वडणग्याच्या मावशीकडून आणले. तिच्या पोल्ट्रीत पिल्लांना ऊब द्यायला वापरतात ते.

समांतरमध्ये सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. १०० चा लख्ख, ४० चा त्याहून कमी, एक काढला तरी दुसरा चालू. एकसरमध्ये मात्र उलटंच! ४० चा बऱ्यापैकी पेटतो आणि १०० ची तार राखेतल्या निखाऱ्यासारखी नुसती लाल. खोलीतला दिवा बंद केला तेव्हा कुठं ती दिसली. पोरीला वाटलं आपलंच चुकलं. दोनदा सगळं सोडून परत जोडलं, रडकुंडीला आली.

मग ह्यांनी मीटर लावला. ४० च्या बल्बवर १९३ व्होल्ट, १०० च्या बल्बवर ३८, एकूण २३१. हिशेब केला तर १०० वॅटचा रोध ५२९ ओहम येतो (२३० चा वर्ग भागिले १००) आणि ४० चा १३२२. त्या प्रमाणात १६५ आणि ६६ व्होल्ट यायला हवेत. मोठा बल्ब मंद का, हा एक प्रश्न. आणि आकडे एवढे लांब का, हा दुसरा. परीक्षकांनी विचारलं तर तिला स्वतःला सांगता आलं पाहिजे, म्हणून नीट समजून हवंय.

पंचगंगाकाठ:
ताई, आधी लेकीला सांगा की जोडणी बरोबर आहे. बल्बवर १०० वॅट छापलंय ते फक्त २३० व्होल्ट मिळाले तर. समांतरमध्ये दोघांनाही पूर्ण २३० मिळतात, म्हणून तिथं छापलेलं खरं होतं. एकसरमध्ये वाट एकच असते. दोघांतून तेवढीच धारा जाते, वाटून घ्यायचं असतं ते विभवांतर. ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला जास्त. ४० ची तार बारीक असते, तिचा रोध मोठा, म्हणून ती जास्त तापते.

तिच्याच हिशेबानं धारा ०.१२५ अँपिअर धरली तर ४० च्या बल्बात २० वॅटच्या आसपास आणि १०० च्या बल्बात जेमतेम ८ वॅट खर्च होतात.

आता दुसरा प्रश्न. तो विचारल्याबद्दल पोरीचं खरंच कौतुक वाटलं, कारण पुस्तकातली उदाहरणं रोध कायम धरूनच सोडवलेली असतात. ५२९ ओहम हा पूर्ण तापलेल्या तारेचा रोध. टंगस्टन गार असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. तुमचा १०० चा बल्ब नीट तापलेलाच नाही. म्हणून त्याचा रोध घसरला, त्याचे व्होल्ट ४० च्या बल्बकडे गेले, त्यामुळं तो आणखी तापला आणि त्याचा रोध टिकून राहिला. एक काम करा: दोन्ही बल्ब होल्डरमधून काढून, गार असताना मीटरनं ओहम मोजा.

उद्यमनगर_वाइंडिंग:
ताई, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय. हेच तत्त्व आम्ही रोज वापरतो. आमच्या सिरीज बोर्डला १०० चा बल्ब असतो, दुरुस्तीला आलेला मिक्सर त्याच्याशी एकसर लावायचा. आत शॉर्ट असंल तर सगळे व्होल्ट बल्बवर येतात, बल्ब फुल्ल पेटतो आणि फ्यूज वाचतो. अजिबात पेटला नाही तर कुठंतरी तार तुटलीया. पोरीला हे सांगायला लावा, परीक्षक खूश होतील.

आणखी एक. घरातलं वायरिंग समांतर असतं म्हणतात ते दिवे-पंख्यांपुरतं. बटण आणि एमसीबी एकसरच असतात, नायतर बटण दाबून दिवा बंद कसा होणार? बटण फेजवरच घ्या.

आणि कळकळीनं सांगतो, बोर्डच्या मागनं उघडे स्क्रू ठेवू नका. पोरं हात लावत्यात. मागं दुसरा प्लाय ठोका, आणि चालू बोर्डावर मीटर मोठ्या माणसानंच लावायचा.

राजारामपुरी_आई:
दोघांचेही मनापासून आभार. मोजलं. १०० चा बल्ब गार असताना ४० ओहम, ४० चा साधारण १०० ओहम! पोरीनं तीनदा मोजून बघितलं, मग एकदम म्हणाली, "आई, म्हणजे १०० चा बल्ब अर्धवट झोपेत आहे." मागं प्लाय ठोकून झाला.

आता तिला प्रदर्शनात एक बल्ब एलईडी लावायचाय, चालेल का?

पंचगंगाकाठ:
एकसरमध्ये नको. एलईडी बल्बात तार नसते, आत ड्रायव्हर सर्किट असतं, ते मिळेल त्या व्होल्टवर आपल्या पद्धतीनं वागतं. लुकलुकेल किंवा लागणारच नाही, आणि रोधाचा हिशेब तिथं बसत नाही. समांतरच्या रांगेत खुशाल लावा. आणि गार-गरम ओहमचे आकडे बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहायला सांगा, तेच लोकांनी बघायला हवेत.