ठाणे की वाशी? आई-बाबांना घेऊन नाटक बघायचंय

कोल्हापुरी_घणसोलीत
नोकरीमुळं घणसोलीला आलोय. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत गेलं, तेव्हापासून आमच्या घराचं नाटक बघणं सुटल्यातच जमा आहे. इथं मला एका बाजूला वाशी, दुसऱ्या बाजूला ठाणं. आई-बाबा सोबत असणार, बाबांना ऐकायला जरा कमी येतं. कुठं जावं, कुठल्या रांगेत बसावं? आणि विनोदी सोडून काही लागतं का इकडं? जाहिरातीत बघावं तर सगळे दात काढूनच उभे.

पामबीचवाला
वाशीचं विष्णुदास भावे. घणसोलीहून सोपं. पण डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं आणि मंडळांचे कार्यक्रम तारखा खातात, तेव्हा नाटकं कमीच. तिकीट ॲपवर काढा, विषय संपला.

मसुंदाकाठची
तुझ्याएवढा मुलगा आहे मला, म्हणून एकेरीच लिहिते. ठाण्याचं गडकरी रंगायतन 1978 ला सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते, हिशोब तुझा तू कर.

आधी बाबांचं. बाल्कनी नको. स्वस्त म्हणून लोक वर जातात, पण तिथून चेहरे दिसत नाहीत आणि कमी ऐकणाऱ्याला ओठ दिसावे लागतात. पहिली-दुसरी रांगही नको, मान अवघडते आणि नटांचे पायच जास्त दिसतात. पाचवी ते नववी, मधोमध. ॲप-बिप ठीक आहे, पण प्लॅन उघडतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते, त्या सकाळी तिकीटखिडकीवर गेलास आणि अडचण सांगितलीस तर आतला माणूस पेन्सिल फिरवत कडेच्या, चढउतार नसलेल्या खुर्च्या दाखवतो. तेवढं ॲपला कुठलं कळायला!

वेळ रविवार दुपारची, चारची. रात्री साडेआठचं सुटायला अकरा वाजून जातात आणि तेव्हा ट्रान्स हार्बरच्या गाड्या विरळ झालेल्या असतात. आई-बाबांना फलाटावर ताटकळत ठेवू नकोस.

आता विनोदीचं. तुझं खरं आहे. आमचा ठाणेकर घरून निघतानाच हसायचं ठरवून निघतो. दादर-पार्ल्यात जे चाललं ते इथे डोक्यावर घेतो, पण स्वतः होऊन नवीन काही उचलून धरेल असं फारसं होत नाही. हे मी ठाण्याची असून लिहितेय. मध्यंतरी एका गंभीर नाटकात नायिका बापाच्या गोळ्यांची पट्टी हातात धरून नुसती उभी होती. चेहरा मालिकेतला, ओळखीचा, त्यामुळे मागून दोघं-तिघं हसले. बाईने वाक्य घेतलंच नाही. ती पट्टी दुमडत राहिली, उलगडत राहिली. रिकाम्या पट्टीची चुरचुर आधी आमच्या रांगेला ऐकू आली, मग बहुतेक सगळ्यांनाच, कारण हसणारे गप्प झाले. मग तिने वाक्य टाकलं. एवढ्यासाठी मी पाचशे रुपये देते. त्या नाटकाला अर्धं सभागृह रिकामं होतं, हेही सांगून ठेवते.

वेगळं बघायचं तर मानपाड्याजवळच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात छोटं सभागृहही आहे, तिथल्या एकांकिकांवर लक्ष ठेव. पोरं उसन्या शर्टात, उसन्या टेबलावर नाटक करतात आणि कधीकधी व्यावसायिकवाल्यांना लाजवतात. कधीकधी नाही, तेव्हा पाऊण तास फार लांब वाटतो. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडने जाणार असशील तर मात्र नांदी घरीच म्हणून निघ. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही सोडू नकोस, तिकीट नावापुरतं असतं.

वाशीबद्दल माझं मत चांगलं आहे, पण प्रेम नाही. भाव्यांनी 1843 ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पाठीशी संस्थानिक होते. त्यांच्याच नावाच्या थिएटरात आज निर्माता भाड्याची पावती घेऊन उभा असतो.

टेम्पोतला_माणूस
बॅकस्टेजला आहे, म्हणून दोन गोष्टी. ‘सगळ्या नाटकांत तोच दिवाणखाना’ ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. दुपारी पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात प्रयोग, रात्री ठाण्याला. पडदा पडला की फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उतरवायचे, सोफा टेम्पोत उलटा टाकायचा, ट्रॅफिकमधून यायचं, लेव्हल (उंचीचे चौथरे) लावायच्या, लाईट फोकस करायचे आणि तिसऱ्या घंटेआधी विंगेत गुपचूप उभं राहायचं. यात राजवाडा बसत नाही. कपाट रंगवलेलं असतं आणि खिडकीमागे कापड असतं ते यामुळे. शनिवार-रविवारीच खर्च निघतो, म्हणून एका दिवसात दोन ठिकाणी पळापळ.

दुसरं, काकूंशी थोडा वाद. कमी ऐकू येत असेल तर मधोमध कशाला? स्पीकर कडेला असतात, त्या बाजूला बसवा.

मसुंदाकाठची
कडेला आवाज मोठा येतो, शब्द कळत नाहीत. माझ्या सासूबाईंना बसवून पाहिलंय. पार्श्वसंगीत सुरू झालं की त्या कानावर हात ठेवायच्या.

टेम्पोतला_माणूस
संगीत मोठं असतं हे मान्य. साऊंडवाल्याला सांगतो. ऐकणार नाही.

कोल्हापुरी_घणसोलीत
काकू, तुमचं ऐकून आज खिडकीवर गेलो. गडकरी, रविवार चार, सातवी रांग. मधोमध नाही मिळालं, मधल्या भागातल्याच कडेच्या तीन खुर्च्या आहेत, म्हणजे तुम्हा दोघांचाही मान राहिला. नाटक विनोदीच आहे, आईनं निवडलं.

एक विचारायचं राहिलं. नूतनीकरणानंतर आत जायला पायऱ्या किती आहेत? बाबांचा गुडघा पण आहे.

मसुंदाकाठची
आईने निवडलं ना, मग हसा मनसोक्त. पायऱ्या आहेत, पण दारावरच्या माणसाला आधी सांग, घाईच्या वेळी नको. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभा राहिलास तर पहिला प्रवेश तिथेच होईल. चालत अंतर फार नाही, पण गुडघा आहे म्हणतोस तर घणसोलीहून अडीचलाच निघा.